डोक्यावरचा खुर्चीवाला

तो आला तेव्हा ती बटाट्यांविषयी नाही, एका राक्षसाविषयी बोलत होती.

"माझ्या डोक्यावर राक्षस राहतो हो!" कॅमेऱ्यासमोर सुरी नाचवत ती सांगत होती. "वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आलाय. त्याची ती चाकांची खुर्ची... सकाळपासून घरर्, घरर्! खिडकीकडून दाराकडे, दाराकडून खिडकीकडे. माणूस कॉम्प्युटरवर काम करतो की गाडी हाकतो, देव जाणे. झाडूच्या दांड्याने छत ठोकून ठोकून माझे हात दुखले. छताचे पोपडे पडले, पण तो काही सुधारला नाही."

स्क्रीनवरच्या चौकटी हसल्या. एका चौकटीत दात काढून ठेवलेल्या आजी होत्या, एकीत ड्यूटीवरून परतलेली नर्स, आणि एकीत नवीन लग्न झालेलं जोडपं, एकाच पातेल्यावरून भांडणारं. ही सगळी तिची विद्यार्थीमंडळी. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी ती त्यांना घरबसल्या स्वयंपाक शिकवायची. फार थोर पदार्थ नाहीत. मऊ भात, भाज्यांचं सूप, दुधात शिजवलेले बटाटे... दमून आल्यावर जे खाल्लं की जीव थाऱ्यावर येतो, ते.

तेवढ्यात एक नवी चौकट उघडली. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस, आणि भाषणाला उभं राहिल्यासारखा गंभीर चेहरा. त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं.

"सॉरी हं — मला दुसऱ्या मीटिंगला जायचं होतं. चुकून आलो."

"जेवलात का?" तिने विचारलं.

"अं... नाही."

"मग चूक कसली? घरात कांदा आहे?"

"आहे. एक."

"सुरी?"

"कात्री आहे."

आजी इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा कणकेत पडला. आणि तो गेला नाही. कात्रीने कांदा कापत बसला.

तिच्या वर्गाचा एक नियम होता : तोंड नको, भांडं दाखवा. "तुमच्या तोंडाकडे बघून मला काय कळणार, सूप दाट झालंय की पातळ?" आवाजाचं बटणही प्रश्न विचारण्यापुरतंच चालू करायचं, नाहीतर पाच घरांतल्या भांड्यांचा नुसता बाजार भरायचा. त्यामुळे त्या पहिल्या दिवसानंतर तिला त्याचा चेहरा दिसलाच नाही. दिसायचे ते हात. लांब बोटांचे, जरा घाबरट. अंगठ्याला कायम पट्टी. पण शिकायचे मात्र भराभर. कांदा परतताना तो भांडं असं हळू हलवायचा की जणू कुणी झोपलंय आत.

आणि आणखी एक गोष्ट. सगळे तिला ताई म्हणायचे. आजीसुद्धा! तो मात्र कधीच नाही. "अहो... ऐका ना..." अशी सुरुवात करायचा, आणि नर्सच्या चौकटीतून खोकल्याचा आवाज यायचा.

"अहो, ऐका ना. मीठ किती?"

"चवीपुरतं."

"कुणाच्या चवीपुरतं?"

"तुमच्या. जेवणार तुम्हीच ना?"

"माझ्या चवीचा भरवसा नाही. तुम्ही इथे असता तर..."

"कॉम्प्युटरमधून चमचा बाहेर येत नाही हो," ती म्हणाली, आणि ओट्याकडे वळून उगाचच स्वच्छ ओटा पुसत बसली. कान गरम झाले होते. वाफेने, असं तिने ठरवलं.

तिला या कॉम्प्युटरचा हाच राग होता. सगळं दाखवतो, पण वास पोहोचवत नाही. माणसं समोर असतात आणि नसतात. वर्ग संपला की चौकटी एकेक करून विझायच्या, काळ्या काचेत तिचाच चेहरा उरायचा. आई भावाकडे राहायला गेली तेव्हा जेवणाचं टेबल आणि खुर्च्या तिकडे गेल्या होत्या. मागे उरली एकच, कॉम्प्युटरसमोरची. चार घरांना जेवायला घालणारी ही बाई स्वतः मात्र ओट्याशी उभ्याउभ्याच, पातेल्यातूनच खायची. एकट्या माणसाने ताट कुणासाठी वाढायचं?

एके दिवशी तिच्या लक्षात आलं, वरची खुर्ची गप्प झालीय.

"राक्षस मेला की काय?" तिने वर्गात विचारलं.

त्याने आवाजाचं बटण चालू केलं. "कदाचित... त्याने खाली सतरंजी घातली असेल."

"राक्षसांकडे सतरंजी नसते."

"विकत आणली असेल. बरं वाटतंय ना आता?"

 "खरं सांगू? थोडं चुकल्यासारखं वाटतंय. आवाज होता तेव्हा निदान वर कुणीतरी आहे, एवढं तरी कळायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छतावर एकदाच, अगदी हळू — घरर्... तिने झाडू उचलला, आणि मग का कोण जाणे, परत ठेवून दिला.

आता खरं तर कुणाही शहाण्या बाईला शंका यायला हवी होती. पण ती तेव्हा शहाणी नव्हती. ती प्रेमात पडत होती, आणि त्या दोन गोष्टी एका वेळी होत नाहीत. तिच्या मनात तो कुठेतरी लांब राहत होता, आगगाडीने एक रात्र जावी लागेल इतका लांब. त्याचं गाव विचारायची हिंमत तिने केली नव्हती. अंतर कळलं असतं तर मग आशा कशाच्या जोरावर धरायची?

मग एका वर्गाच्या सुरुवातीलाच तो म्हणाला, "माझा आज शेवटचा दिवस. ऑफिसने परत बोलावलंय. मोठ्या शहरात. परवा निघायचं म्हणतात."

तिच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "अरे वा," ती म्हणाली. "छान. तिथे... जेवणाचं काय?"

"ऑफिसात कॅन्टीन आहे."

"हो का. बरं झालं."

काहीही बरं झालं नव्हतं. पण समोर वर्ग होता. तिने बटाटे उकळत्या दुधात सोडले, आच कमी केली, पण तिला दुसऱ्या कुठल्याच चौकटीत काय चाललंय ते दिसेना. ते दोन हात परवापासून दिसणार नाहीत, एवढंच दिसत होतं.

"अहो, ऐका ना," तो म्हणाला. आवाज जड होता. "मला तुम्हाला एक सांगायचं होतं. पहिल्या दिवसापासून... म्हणजे मी—"

आणि त्याच्या हातून झाकण निसटलं.

खण्ण!

आवाज तिच्या छतातून आला. स्टीलचं झाकण फरशीवर आपटून गोल गोल फिरत राहिलं. एक श्वास जातो न जातो तोच, तेच झाकण तिच्या कॉम्प्युटरमधून आपटलं. खण्ण! आणि गोल गोल फिरत राहिलं.

तिने छताकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. मग पुन्हा छताकडे.

"सगळ्यांनी झाकणं ठेवा," ती थंडपणे म्हणाली. "आच मंद करा. मी येईपर्यंत कुणीही झाकण उघडायचं नाही."

हातात डाव तसाच घेऊन ती जिना चढली. दार तिने ठोकण्याआधीच उघडलं. तोच चेहरा... पण आज केस विस्कटलेले, अंगठ्याला पट्टी, अंगात तिच्यासारखाच डाग पडलेला एप्रन.

"राक्षस!" ती म्हणाली.

"हो."

"इतके दिवस माझ्या डोक्यावर बसून माझंच बोलणं ऐकत होतास? चुकून आलो म्हणे!"

"चुकून नव्हतो आलो." तो भिंतीला टेकला. "खाली फाटकाशी तुमच्या वर्गाची जाहिरात होती, तुमच्या घराच्या नंबरासकट, आणि दार वाजवायचा धीर होत नव्हता. खुर्चीबद्दल माफी मागायला आलो होतो, शर्टाला इस्त्री करून. आत येतो तर तुम्ही चार जणांना सांगताय की मी राक्षस आहे. कसं सांगणार होतो? आणि मग तुम्ही विचारलंत... जेवलात का म्हणून. या गावात आल्यापासून ते मला कुणीच विचारलं नव्हतं."

तिचा डाव हळूहळू खाली आला.

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला होतात, वर कुणीतरी आहे हे कळलं की बरं वाटतं. वाटलं, तेवढं तरी मला करता येतंय. सांगितलं आणि तुम्हाला तो कुणीतरी आवडला नाही, तर?" त्याने अंगठ्यावरची पट्टी सारखी केली. "मला तुम्ही आवडता. फार. जाण्याआधी एवढंच सांगायचं होतं, तर झाकण पडलं."

 ती काही बोलणार, एवढ्यात आतून एक आवाज आला.

"अगं ताई, काय ते बोलून टाक! माझं दूध उतू चाललंय!"

दोघांनी दचकून आत पाहिलं. त्याच्या ओट्यावर कॉम्प्युटर उघडाच होता, आणि आवाजाचं बटण चालू.

"सगळं ऐकलं?" तिने विचारलं.

"शब्द न् शब्द," नर्स म्हणाली.

"मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं," आजी म्हणाल्या. "मेला ताई म्हणत नव्हता! आणि तुला डोक्यावरचा माणूस ओळखू आला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

ती आत गेली आणि कॉम्प्युटर मिटला. मग त्याच्याकडे वळली. डोळे भरून आले होते, आणि हसूही आवरत नव्हतं.

"ऑफिसला हो म्हणालास?"

"अजून नाही. उद्यापर्यंत सांगायचंय. हवं तर इथूनच काम करा, पण मग बढती नाही, म्हणालेत."

"आणि तुला काय हवंय?"

"मला मीठ बरोबर पडलंय का ते बघणारं कुणीतरी हवंय."

तिने त्याचं पातेलं उघडलं, डाव बुडवला, फुंकर मारली आणि चाखलं. तो श्वास रोखून उभा होता.

"कमी आहे," ती म्हणाली. "घेऊन खाली चल. माझ्याकडे जेवू... आणि तूसुद्धा मला आता अगं म्हण. तो अहो पुरे झाला." मग दारातच थबकली. "पण माझ्याकडे खुर्ची एकच आहे."

तो आत गेला. सतरंजीवरून खुर्ची ओढून बाहेर आणली. एका हाताने तिने धरली, एका हाताने त्याने, आणि मध्ये पातेलं सांभाळत दोघं जिना उतरले. कितीतरी दिवसांनी तिने ताटं काढली. दोन. दोघं गुडघ्याला गुडघा लावून ओट्याशी बसले, आणि मऊ बटाटा तोंडात विरघळताना तिला कळलं, बसून खाल्लं की चव वेगळी लागते.

"उद्या खुर्ची वर नेतो," तो म्हणाला. "सकाळी काम आहे."

"राहू दे इथेच," ती म्हणाली. "काम कुठूनही करता येतं ना?"

"आवाज होईल..."

"हो," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला. "होऊ दे."