लाल खटका आणि काळं बोट

“फट्ट!”

तिसऱ्या संगणकातूनही धूर निघाला आणि समुद्राकाठच्या केटा गावातल्या छोट्याशा वाचनालयात सगळ्यांना ठसका लागला.

“गेला! हाही गेला!” मास्टर क्पोडो मान हलवत म्हणाला. गावातले रेडिओ-टीव्ही तोच दुरुस्त करायचा. “मी मशीनची पाठ थोपटून बघितली ना, तेव्हाच कळलं. मॅडम, पाचही भंगारात काढा. वजनावर मीच नेतो. तुमच्या डोक्याला ताप नको!”

वाचनालय सांभाळणाऱ्या अफेटोर मॅडम वैतागल्या होत्या. “उरलेले दोन जेवणानंतर बघू. तेही गेले तर न्या सगळे. त्या पैशांत निदान खुर्च्या तरी येतील.”

दारात उभी असलेली शाळकरी एनाम उरलेल्या दोन संगणकांकडे बघू लागली. शाळेत संगणकाचा तास फळ्यावरच्या चित्रावर चालायचा. म्हणून तिने पुठ्ठ्यावर अक्षरांच्या कळा काढल्या होत्या आणि त्यावर बोटं आपटून आपटून ती टंकलेखन शिकली होती. हे संगणक बोटीवर काम करणाऱ्या तिच्या मामाने हॅम्बर्गच्या एका बंद पडलेल्या कचेरीतून मिळवले होते. या सुट्टीत ती खऱ्या कळांवर बोटं ठेवणार होती. आणि आता म्हणे खुर्च्या!

“मॅडम, कपाटाची किल्ली,” तिचा मावसभाऊ एलिकेम डावा हात पुढे करून म्हणाला.

“डाव्या हातानं देतोस? मोठ्यांना? लाज वाटत नाही?”

एलिकेमने जीभ चावली आणि हात बदलला. त्याच्या उजव्या हातात जेवणाचा डबा होता. एलिकेम कुठेही असला तरी डबा सोबत असायचाच.

मोठी माणसं जेवायला गेली. मुलं राखणीला उरली.

“एनाम, मास्टरला भंगार एवढं का हवंय गं? माझ्या आजीचा रेडिओ गेला तेव्हा तर ‘कचरा घेत नाही’ म्हणाला होता!”

“मलाही तेच खटकतंय. प्रत्येक वेळी पाठ का थोपटतो तो? मशीन काय ढेकर देणार आहे?”

दोघांनी संगणकांच्या पाठी तपासल्या. प्रत्येकावर एक छोटा लाल खटका होता. जळालेल्या तिन्हींवर ११५ हा आकडा दिसत होता, तर न तपासलेल्या दोन्हींवर २३०.

“एकशे पंधरा...” एलिकेम पुटपुटला. “अगं, अमेरिकेतल्या मावशीनं पाठवलेलं भाताचं भांडं! त्यावरही हाच आकडा होता. आईनं तसंच भिंतीत खुपसलं आणि...”

“फट्ट! तिकडची वीज निम्म्या जोराची, म्हणून! पण हॅम्बर्गची वीज तर आपल्यासारखीच आहे, मामानं सांगितलंय. मग तिथल्या मशीनवर अमेरिकेचा आकडा कसा? आणि हे बघ, सगळीकडे धूळ, पण खटक्यावर ताजा ओरखडा!”

“चल, मॅडमना सांगू!”

“तो म्हणेल, आधीपासूनच तसं होतं. त्याला रंगेहाथ पकडायला हवं.” एनामची नजर डब्यावर गेली. मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्याशेजारी, म्हणजे केंकेशेजारी, शितो होतं, मिरची आणि माशांची काळी तेलकट चटणी.

“नाही हं! माझं शितो नाही!” एलिकेम कळवळला.

“एक बोटभरच!”

जेवून मास्टर परतला. सोबत मॅडम होत्या आणि वाचनालयाच्या समितीतले दोन आजोबाही. मास्टरने उजव्या हातात वायर धरली, डावा हात चौथ्या संगणकामागे नेला आणि हसत पाठ थोपटली. एनामची नजर त्या हातावरच होती. तो वायर भिंतीत लावणार, तोच ती ओरडली, “थांबा! मास्टर, डावा हात दाखवा!”

“हा काय चावटपणा?”

पण एका आजोबांनीच त्याचा हात धरून वर केला. तर्जनी काळीकुट्ट! आणि सुक्या माशांचा घमघमाट!

“शितो आहे हे,” मास्टर घाईघाईने म्हणाला. “आत्ताच जेवलो ना मी!”

मॅडमनी त्या बोटाकडे निरखून पाहिलं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, “डाव्या हातानं?”

एलिकेम खो खो हसत सुटला. मास्टरचा चेहरा मात्र पडला. एनामने आधीच शितो फासून ठेवलेला खटका दाखवला, त्यावर आता ११५ होतं! तिने तो पुसून पुन्हा २३० वर सरकवला आणि वायर लावली. घर्र आवाज झाला, पडदा निळा उजळला!

“आणि ते तीन?” मॅडमनी दरडावून विचारलं.

“त्यांचा फक्त आत वीज पुरवणारा डबा जळालाय,” मास्टर खाली मान घालून म्हणाला. “बाकी सगळं शाबूत आहे. म्हणून तर दुरुस्त करून विकायला हवे होते मला.”

“मग डबे तुमच्या दुकानातून आणा आणि बसवून द्या. फुकट! भंगारात जातील ते फक्त जळके डबे.”

“आणि खुर्च्या?” एका आजोबांनी विचारलं.

“चटईवर बसू!” मॅडम म्हणाल्या. “शाबास पोरांनो, आम्ही मोठी माणसं डोळे मिटून भंगार विकायला निघालो होतो. एनाम, पहिला मान तुझा. नाव लिही.”

एनाम कळांसमोर बसली. बोटांना सगळ्या जागा पाठ होत्या. पुठ्ठ्यावरच्यासारखीच तिने पहिली कळ जोरात दाबली आणि दाबूनच धरली. पडद्यावर तिच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर, नुसते ई, ई, ई! ओळच्या ओळ भरली!

“अगं, हळू!” मॅडम हसत म्हणाल्या. “हा पुठ्ठा नाही. हा ऐकतो!”

एनामने बोट उचललं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि एलिकेम डब्यातलं उरलेलं शितो शोधत होता.