घरचा कॅमेरा

बाबांचा स्टुडिओ रिकामा करायचा होता. कपाटातून त्यांचे दोन कॅमेरे निघाले. आईने आधीच बजावलं होतं, "एकच ठेवा. दुसरा वापरणाऱ्याला द्या."

दादाला मोठा, वजनदार कॅमेरा हवा होता. "याचा फोटो भिंतभर मोठा केला तरी धूसर होत नाही."

माझा जीव लहान काळ्या कॅमेऱ्यात अडकलेला. गिऱ्हाइकांसाठी बाबांनी तो कधीच काढला नाही. आमचे पडलेले दात, रुसवेफुगवे, शाळेचे पहिले दिवस, सगळं त्यानेच टिपलं होतं.

"भावनेत वाहून जाऊ नकोस," दादा म्हणाला.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. भिंगाला भावना नसतात, हे मला कुणी सांगायला नको. शेवटी ठरलं, दोन्हींत रोल घालायचे, सारख्याच उजेडात फोटो काढायचे आणि ज्याचे चांगले येतील तो ठेवायचा.

दुपारचं ऊन मळक्या पडद्यातून येत होतं. फोटो धुण्याच्या रसायनांचा आंबूस वास अजून भिंतींत मुरलेला होता. बाकावर बसून, टायमर लावून आम्ही दोन्ही कॅमेऱ्यांनी दोघांचे फोटो काढले.

"बाबा असते तर म्हणाले असते, मानेत खुंटी ठोकलीय का रे?" दादा म्हणाला. आम्ही पोटभर हसलो.

लहान कॅमेऱ्याच्या रोलमध्ये एक फोटो काढायचा उरला होता. राहू दे म्हटलं. कॅमेरा पिशवीत टाकला आणि निघालो.

फोटो आणायला दोघंही लॅबमध्ये गेलो. मोठ्या कॅमेऱ्याचे अगदी स्वच्छ आले होते. दादाची कॉलर वाकडी, माझी बट डोळ्यावर.

लहान कॅमेऱ्याच्या फोटोत कॉलर सरळ होती. बट कानामागे.

"तू नीट केलीस?" दादाने विचारलं.

"नाही. तू?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाला, "हाच ठेवू."

लॅबवाले काका म्हणाले, "शेवटचा फोटो कुणी काढला हो? हात कसलेला दिसतोय."

त्यात आम्ही दोघं होतो, स्टुडिओच्या दारातून बाहेर पडताना. फोटो आतून काढलेला. माझी पाठ, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी.

दादा मात्र मागे वळला होता. लहान मुलासारखा हसत, हात हलवून कुणाला तरी टाटा करत होता.

दादा म्हणतो, तो वळलाच नव्हता.