पाठमोरी माणसं

“चेहरे घडवणारा वर बसलाय, पोरी. त्याच्या कामात आपण हात घालायचा नसतो.”

बाबांचा तो आवाज अजून कानात आहे. एवढीशी होते मी. अंगणातल्या फरशीवर खडूनं आईचं नाक काढत होते. बाबा ओरडले नाहीत. ओंजळीत पाणी आणलं आणि ते नाक हलकेच धुऊन टाकलं. प्रार्थनाघरात प्रार्थना सांगणारा माणूस. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग मी वहीत पानं काढली, पाखरं काढली... माणूस नाही. आई गेली, तिचा चेहराही मनातच राहिला.

आणि एक दिवस प्रार्थनाघराला रंग द्यायला तो आला.

मी केर काढायला आत शिरले, तोच वरून टपकन पांढरा थेंब—थेट माझ्या नाकावर!

“दिसत नाही का हो?”

“आता दिसलात की!” शिडीवरून उत्तर आलं. “थेंब चुकला, पण जागा बरी निवडली त्यानं.”

“जीभ फार चालते तुमची.”

“हात त्याहून बरा चालतो. भिंत बघा.”

बघितली... गुळगुळीत, कोरी, दुधावरच्या सायीसारखी. माझी बोटं शिवशिवली. खुणा करायचा त्याचा कोळसा डब्यात पडला होता. माझी नजर त्यानं बरोबर पकडली.

“काढा की. उद्या सकाळी प्रार्थनेआधी वरून रंगाचा हात मारतो. ना कुणी पाहिलं, ना कुणी ऐकलं.”

प्रार्थनाघराच्या भिंतीवर तर पानसुद्धा चालायचं नाही. बाबांना कळलं असतं, तर वहीही गेली असती. तरी दुपारी मी काढायची, सकाळी तो झाकायचा. तो झाकायचा, मी काढायची...

“पुसलेत ना कालचे बगळे?”

“उडवून लावले. जाताना रडत होते बिचारे.” मग हळूच, “मला कधी काढणार?”

“चेहरे काढत नाही मी.”

“मग पाठ काढा. माझी पाठ काही वाईट नाही.”

हसले खरी, पण बोल मनात रुतला. प्रार्थनेला आम्ही बाया मागे बसतो. जन्मभर मी पाठीच तर बघत आले! चालीआधी, चेहऱ्याआधी, पाठीवरून माणूस ओळखते मी. त्या दुपारी मोठ्या भिंतीवर सगळी मंडळी उतरली—पाठमोरी, माना झुकवलेली.

सकाळी प्रार्थनेला गेले, आणि तोंडचं पाणी पळालं. भिंत तशीच!

“एक हात मारायचा होता फक्त!” मी दातओठ खात कुजबुजले.

“मारवेना,” तो म्हणाला. मस्करीचा लवलेश नाही.

मंडळी जमली. आत्या पुढे झाली, डोळे बारीक करून म्हणाली, “अगं बया, ही माझी पाठ? एवढी रुंद?”

“थोडी कमीच काढलीय,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. बाबा हसले नाहीत.

“चूक माझी,” तो पुढे आला. “पुसायचं काम माझं होतं.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे वळले. “माणसं काढलीस?”

“चेहरा एकही नाही, बाबा.”

ते भिंतीजवळ गेले. सगळ्यांत पुढे त्यांचीच आकृती होती. नकळत त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर गेला. “डावा खांदा इतका उतरलाय माझा?”

“आई गेल्यापासून.”

बाबा किती वेळ तरी बघत राहिले—वाऱ्यानं एका बाजूला कललेल्या पिकासारख्या त्या झुकल्या माना.

“मी पुढे, सगळ्यांकडे पाठ करून उभा राहणारा,” ते सावकाश म्हणाले. “माझ्या मागे माणसं अशी बसतात, हे मला कधी दिसलंच नव्हतं... राहू दे. पुसू नका.”

माझ्या जिवात जीव आला. डोळे पुसते तोवर बाबांचं बोट पुरुषांच्या शेवटच्या रांगेवर थांबलं.

“आणि हा कोण? सदऱ्यावर शिंतोडे... हा कधी प्रार्थनेला बसत नाही.”

“अरे, हा तर शिडीवाला!” आत्या ओरडली. साऱ्या माना वळल्या. एरवी जिभेला हाड नसलेला तो, कानापर्यंत लाल होऊन जमिनीकडे बघत होता.

“याला का गं बसवलंस आमच्यात?” बाबांच्या मिशीआड काहीतरी हललं... हसूच असावं.

शब्द ओठांशी आले. रोज गिळायची तेच. या वेळी गिळले नाहीत.

“मला आवडतो तो, बाबा.”