नऊ मासे आणि एक जाळी

ताईला दोन मासे हवे होते. फक्त दोन. बोटभर लांब, पांढरे, डोळे नसलेले.

वीस वर्षांपूर्वी जंगलातल्या एका विवरात तिने ते पाहिले, परत येऊन सांगितले, आणि संग्रहालयात तिचे नाव ‘मासेबाई’ पडले. तिच्यासमोर लोक चहाच्या कपात वाकून बघत, मासा आहे का म्हणून. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. मासे बरणीत घालून आणायचे, नाहीतर मासेबाई म्हणूनच घरी बसायचे! म्हणून आम्ही तिघे निघालो. ताई, तिचा धाकटा भाऊ मी, त्याच संग्रहालयात बरण्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिणारा, आणि भावजी. त्यांचा धंदा खिडक्यांना कबुतरांच्या जाळ्या बसवण्याचा. जंगलात त्यांचा काय उपयोग, असे मी विचारले नाही. दोर त्यांचा होता.

विवर म्हणजे जमिनीला पडलेले पंचवीस हात रुंद भोक. वीस हात खाली तळ, आणि तिथून आत सरकणारी काळोखी गुहा. आम्ही भावजींच्या वडिलोपार्जित सुती दोरावरून उतरलो. गुहेच्या छताला हजारो वटवाघळे लटकली होती आणि खाली त्यांच्या लेंड्यांचा अखंड पाऊस चालू होता. टोपीत, वहीत, चहात! लेंड्यांवर बिनरंगी किड्यांचा थर वळवळत होता. उरलेसुरले एक ओहोळ रोज धुऊन डोहात नेत असे. डोहात मासे होते.

“नऊ,” ताई कुजबुजली. “तेव्हाही नऊच होते रे!”

संध्याकाळी वटवाघळे धुरासारखी बाहेर गेली. भावजी चहाचा कप पुसत उठले, सोबत आणलेली जाळी खांद्यावर टाकून वर गेले आणि तासाभराने हात झटकत परतले.

“विवराला जाळी मारली. माणसापुरती फट ठेवलीय, हूक लावून. आता एक शिंतोडा पडणार नाही. गॅरंटी!”

“अहो, विचारायचं तरी!” ताई म्हणाली. पण चहा स्वच्छ होता. आम्ही प्यायलो.

दुसऱ्या दिवशी ताईने दोन मासे पकडून बरणीत घातले. मग म्हणाली, “दोन दिवस इथेच ठेवून बघू, जगतात का.” गुहेत चिटपाखरू हलत नव्हते. फक्त ओहोळ. तो आता स्वच्छ वाहत होता.

तिसऱ्या दिवशी सगळे किडे एका दिशेला तोंड करून बसलेले दिसले. आमच्या दिशेला.

“माणसाळलेत,” भावजी म्हणाले.

चौथ्या सकाळी दिवा लावला तेव्हा किड्यांची वळवळती जमीन माझ्या अंथरुणापर्यंत आली होती. बुटांचे चामडे गेले होते. मेणबत्त्या गेल्या होत्या. ताईच्या वहीचे नुसते पुठ्ठे उरले होते. कुठूनतरी बारीक कुरकुर ऐकू येत होती, सुपारी कातरल्यासारखी. आम्ही डोहाकडे धावलो. मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडत होते, मिटत होते. ताईने मोजले. सहा. बरणीतले दोन धरून आठ. आणि सहांतल्या एकाच्या तोंडातून एक शेपूट बाहेर आली होती.

“उपाशी आहेत,” ताई हळूच म्हणाली. “सगळेच. छतावरून पडेल त्यावर या सगळ्यांचं हातावर पोट. अन् तुम्ही वरून झाकण लावलंत!”

भावजींनी पहिल्यांदाच जाळीची बाजू घेतली नाही. ते विवराच्या तळाकडे, दोर लोंबत होता तिकडे, बोट दाखवत होते. कुरकुर तिकडून येत होती. दोर किड्यांनी लडबडला होता. आमच्या हातांचा घाम मुरलेला दोर! मनगटाएवढा होता, करंगळीएवढा उरला होता.

“हलकं कोण?” भावजींनी विचारले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर माझ्या अंगकाठीची थट्टा करणारी माणसे!

मी चढलो. एक हात. दुसरा. बोटांखाली किडे चिरडले जात होते. वर एक धागा तुटला. टक्! आणखी एक. टक्! मी हूक काढला, कडेचे मूळ पकडले, आणि दोर खाली गेला.

मान वर केली आणि तिथेच गोठलो. लख्ख ऊन होते आणि भोवतालच्या प्रत्येक झाडाला वटवाघळे लटकलेली होती. हजारो. एकही आवाज नाही. तीन दिवस ती त्या जाळीकडे बघत बसली होती.

“जाळी!” खालून भावजी ओरडले. “काप ती! नायलॉन किडे खात नाहीत!”

मी चाकू चालवला. एक बाजू सुटली, आणि झाडे रिकामी झाली! काळा लोंढा माझ्या कानांना घासत विवरात ओतला गेला. जाळीचे एक टोक झाडाला बांधून बाकीची मी आत सोडली. तिची शिडी झाली. भावजी वर आले, अंगावर ताज्या लेंड्यांची नक्षी घेऊन.

“ताई?”

“डोहाशी. ऐकतेय कुठे!”

ती आली ती पाऊण तासाने. हातात बरणी. रिकामी.

“सोडले?” मी किंचाळलो. “अगं, वीस वर्षं!”

“ती डोहाची वीस वर्षं होती, माझी नव्हेत,” ती म्हणाली. “किडे मागे फिरले. सगळे, पाऊस पडतो तिकडे. मासेही तळाला गेले. आठ आहेत, पण जागा नवाची आहे. भरेल. मी दोन नेले की लोक पुरावा बघायला येणार. अन् त्यातल्या कुणालातरी स्वच्छ चहा लागणारच.”

भावजी घरापर्यंत जाळी खांद्यावर घेऊन चालले. चिठ्ठी मात्र मला लिहावी लागली, कारण रिकामी बरणी ताईने निवृत्तीच्या दिवशी संग्रहालयाच्या कपाटात ठेवूनच दिली. मी लिहिले: ‘आंधळा पांढरा मासा. जिथे असायला हवा, तिथे आहे.’

पुढच्या तपासणीत साहेबांनी खाली शेरा मारला: ‘बरणीत नमुना आढळला नाही.’

त्याखाली, पेन्शनच्या कामासाठी आली तेव्हा केलेली, ताईची सही आहे. शेजारी एकच शब्द: ‘उत्तम.’