अठरा ग्रॅम

पार्सल ऑफिसातली काउंटरवरची मुलगी रोज सकाळी आल्या आल्या चपला काढायची, कानातलं काढायची आणि पार्सलांच्या मोठ्या वजनकाट्यावर चढायची. त्या दिवशी साहेबांनी शटर आधीच उघडलं होतं, पण तिचं लक्ष कुठे होतं! डोळे मिटून ती काट्यावर उभी राहिली, श्वास रोखला आणि हळूच एक डोळा उघडला...

साठ!

"अगं बाई! काल तर अठ्ठावन्न होते मी!"

"काल काटा चुकत होता," काट्यामागून आवाज आला.

मागे एक तरुण उकिडवा बसला होता. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, बाजूला पितळी वजनांची पेटी आणि ओठांवर काही केल्या न आवरणारं हसू. वजनमापं तपासणारे निरीक्षक येणार आहेत, असं साहेब कालच म्हणाले होते. ते असे मागे लपून बसतील हे मात्र बोलले नव्हते. आपला आकडा तिनं सख्ख्या आईलाही कधी सांगितला नव्हता. आता एका परक्या माणसानं तो ऐकला होता, आणि तोही तिच्याच तोंडून.

"दोन महिने मोजून खातेय मी!" तिला रडूच फुटायचं बाकी होतं. "उकडलेलं अंडं अठ्ठ्याहत्तर कॅलरी, सफरचंद पंच्याण्णव, पावाचा तुकडा सत्तर... आणि तुम्ही एक स्क्रू पिळून दोन किलो परत आणलेत?"

त्यानं वीस किलोचं पितळी वजन काट्यावर ठेवलं. सुई विसावर जाऊन गपकन थांबली.

"या काट्यावर आधी काही अंथरलेलं होतं का?"

होती ना, रबरी चटई होती. फाटली म्हणून तिनंच ती फेकून दिली होती. सुई मात्र चटईसकट शून्यावर आणलेली. चटई गेल्यावर ती शून्याच्या मागे जायला हवी होती, पण तिथल्या खिळ्याला अडकून बसली, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

"चटई कधी फेकलीत?"

"दोन महिन्यांपूर्वी..." म्हणता म्हणता तिची जीभ अडखळली. डाएटच्या पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून तिनं अख्ख्या ऑफिसात मिरवलं होतं. "म्हणजे... ते वजन चटईचं होतं?"

त्यानं मान खाली घातली. त्याचे खांदे गदगदत होते. आधी तिला भयंकर राग आला, आणि मग तिलाच इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

त्यानंतर तीन आठवडे त्याला त्या रस्त्यावरूनच सगळीकडे जावं लागायचं म्हणे! कधी काट्यावरचा तपासणीचा शिक्का बघायला, कधी पेन विसरलं म्हणून. एकदा धीर करून त्यानं विचारलं, "कॉफी घेऊ या?"

"पंचावन्न झाले की."

तिनं सगळंच पंचावन्नपर्यंत पुढे ढकललं होतं. पोहायला जाणं, फोटो काढून घेणं, कपाटातला निळा ड्रेस... आणि आता हा. मनात फार होतं, पण या अशा अंगानं कुणासमोर बसायचं, या विचारानंच तिला कसंतरी व्हायचं.

"माझी बदली झालीय," एका दुपारी तो म्हणाला. "शनिवारी निघतोय. शुक्रवारी आमच्या कार्यालयात याल? खायला काही देणार नाही, शपथ! फक्त एक गोष्ट दाखवायचीय."

ती गेली. वजनं तपासायच्या खोलीत पंखा बंद, खिडक्याही बंद. वाऱ्यानंसुद्धा आकडा हलतो, तो म्हणाला. मधोमध ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा मोठा काटा, त्यावर खुर्ची, तिचं वजन आधीच वजा केलेलं. ती अंग चोरून बसली. तो चार हात लांब स्टुलावर.

एकोणसाठ किलो, चारशे बारा ग्रॅम.

"वाचू नका ना," ती पुटपुटली. "शाळेत असताना मावशी सगळ्यांसमोर म्हणाली होती, हिला कोण पसंत करणार... तेव्हापासून मोजतेय मी."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मग ती बोलतच राहिली आणि तो ऐकत राहिला. सहज तिची नजर काट्याच्या पडद्यावर गेली. चारशे पाच! बघता बघता चारशे चार झाले.

"बिघडला की काय काटा?"

"काटा ठीक आहे. तुम्ही श्वास घेताय," तो हळू आवाजात म्हणाला. "श्वासाबरोबर थोडी वाफ, थोडी हवा बाहेर जाते. झोपेत, चालताना, रुसून बसल्यावरसुद्धा. पाणी प्यायलात की परत भरता. पंचावन्न झालातच, तरी तो आकडा टिकणार किती? दोन मिनिटं..."

ती थक्क होऊन बघत राहिली. चारशे दोन... चारशे... तीनशे अठ्ठ्याण्णव. ज्या शरीराला ती वर्षानुवर्षं बोल लावत आली, ते मुकाट्यानं आपलं काम करत होतं. तिच्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर काही आपल्या आत चाललंय, आणि आपण फक्त अंडी मोजत बसलो!

अर्ध्या तासात अठरा ग्रॅम गेले होते.

"कुठे गेले ते?"

"या खोलीतच आहेत. आणि मीही... इथेच श्वास घेतोय."

"हे शास्त्र सांगताय?"

"शास्त्रच!"

"मग कान का लाल झालेत?"

तिनं हात पुढे केला. "इकडे या."

"जवळ आलो तर आकडा हलेल..."

"हलू दे. उद्या जाल, मग?"

"दोन तासांचा रस्ता आहे. दर रविवारी येईन. पंचावन्नची वाट न बघता... चालेल?"

"तुम्ही आवडता मला," ती म्हणाली. "आज, मी अशीच असताना."

त्यानं येऊन आपला हात तिच्या हातात दिला. त्या हाताचं सगळं वजन तिच्या मांडीवर विसावलं आणि पडद्यावरचे आकडे भराभर वर चढले. तिनं डोळे मिटून घेतले.

"किती वाढलं?"

"कुणास ठाऊक," निरीक्षक म्हणाला. "मी तिकडे बघतच नाहीये."