दहा वर्षं वापरलेला लॅपटॉप

मोजल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही. हर्षवर्धन, माझा नवरा, म्हणतो, की आमचं लग्नसुद्धा मी फूटपट्टी लावूनच ठरवलं असणार.

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचा डिझाइन स्टुडिओ आहे. तिथे आम्ही अजून बाजारात न आलेल्या वस्तूंची रूपं ठरवतो. या वेळी काम होतं दोघांनी समोरासमोर बसून वापरायच्या लॅपटॉपचं. दोन पडदे पाठीला पाठ लावून उभे आणि दोघांपुढे एकेक सपाट पाटी. टाइप करायच्या कळा नाहीतच. कंपनीची एक वेगळी मागणी होती. नवाकोरा नमुना सगळेच दाखवतात, आम्हाला तो दहा वर्षं वापरल्यावर कसा दिसेल ते दाखवा.

असे नमुने आम्ही लाकडाचे करतो. आत ना तार, ना बॅटरी. रे रोडच्या वखारीमागे राजाराम सावंतांची शेड आहे, ते करून देतात. पूर्वी ते साचे कोरायचे. माणसाचे हात कागदावर गिरवून घेतल्याशिवाय ते रंध्याला हात लावत नाहीत. म्हणून एका शनिवारी मी आणि हर्ष तिकडे गेलो, एक बाजू माझ्या हातांची, दुसरी त्याच्या. हर्ष डावखुरा, डावा तळवा टेकवून बसायची त्याची सवय. माझी उजवी तर्जनी लहानपणी गिरगावच्या घरच्या दारात सापडली होती, ती टोकाला डावीकडे वळलेली आहे.

"ह्या बोटाक काय झालां?" पेन्सिल थांबवून राजारामांनी विचारलं.

"नाकासमोर चालणाऱ्या बाईचं तेवढं एकच वाकडं," हर्ष म्हणाला. राजाराम खूप हसले.

दहा वर्षांची झीज आम्ही एक मिलिमीटर धरली होती. तळवा टेकतो तिथे दोन्ही बाजूंना सारखी.

मंगळवारी नमुना आला. माझी बाजू अप्रतिम होती. रंग उडालेला, कडा गुळगुळीत, जणू मी खरंच तिथे दहा वर्षं हात टेकले होते. हर्षची बाजू मात्र जवळजवळ नवी. डाव्या तळव्याखाली जरासा खळगा. मोजला, तर एक दशांश मिलिमीटर. आणि त्याच्या पडद्यावर, वरच्या भागात अगदी मधोमध, बोटाच्या पेराएवढा रंग उडालेला ठिपका.

मी फोन लावला.

"मॅडम, दोनी बाजू सारख्याच घासलंय," राजाराम म्हणाले. "आनि पडद्याक मी पॉलिश पेपर लावलोच नाय. माझो हात चुकाचो नाय हो."

म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा? दुपारी मी नमुना घेऊन शेडवर गेले आणि त्यांच्यासमोर हर्षची बाजू स्वतः घासली. दर दोन मिनिटांनी मोजत खळगा एक मिलिमीटरपर्यंत आणला. ठिपक्यावर त्यांनी रंग मारला. तो वाळल्यावर नमुना स्टुडिओत आणून कपाटात ठेवला. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

बुधवारी सकाळी कपाट उघडलं. हर्षच्या बाजूचा खळगा भरून आला होता. वर जुनाच रंग, कुठेही जोड नाही. मोजलं, तर एक दशांश. ठिपका जागच्या जागी.

लाकूड फुगतं, हे मला माहीत आहे. पण फुगलेलं लाकूड स्वतःला रंग लावत नाही. मी चार वेळा मोजलं, वेगळ्या कॅलिपरने मोजलं, खुर्चीत बसून राहिले. मला काही म्हणजे काही कळेना. दहा वर्षांची झीज एक मिलिमीटर, तर एक दशांश म्हणजे किती, हा हिशेब शाळेतलं पोरही करील. मी तो केला नाही.

घरी हर्षला नुसतं विचारलं, "तुला बरं वाटतंय ना?"

"का? वजन वाढलंय?"

"डॉक्टरांकडे जाऊन येऊ या एकदा."

"बरं, मोजून घे मला," म्हणाला, आणि आमटीत लिंबू पिळत बसला.

गुरुवारी सकाळी नमुना पिशवीत घालून मी कंपनीत दाखवायला निघाले आणि वाटेत खोताच्या वाडीजवळ आईकडे थांबले. आईची पूजा चालली होती. देवांना गंध लावून झालं, मग ती बाबांच्या फोटोकडे वळली. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. ती रोज काच पुसते आणि गंध लावते.

"देवाला अनामिकेने, गेलेल्या माणसाला तर्जनीने," ती नेहमीसारखं पुटपुटली.

मी हजारदा पाहिलेला फोटो. बाबांच्या कपाळावर, रोज पुसून पुसून, काच गोल अंधुक झाली आहे.

मी पिशवीतून नमुना काढला.

आईने चष्मा वर केला. हर्षच्या बाजूचा पडदा जवळ घेऊन पाहिला.

"सुनेत्रा, यावर कुणाचा फोटो होता गं?"

"कुणाचा नाही. लाकूड आहे ते."

"मग रोज गंध कोण लावतं?"

ठिपका गोल नव्हता. आतापर्यंत मी त्याची फक्त रुंदी मोजली होती. तो लांबट होता, वरच्या टोकाला डावीकडे वळलेला.

मी तर्जनी टेकवली.

बोट बसलं.

तेवढ्यात फोन वाजला. हर्षचा. फोनच्या पडद्यावर त्याचा हसरा फोटो आला, पडदाभर. फोन उचलायचा तर मला तेच बोट त्यावर टेकवावं लागणार होतं.