दोरीपलीकडची हाक

माझी पंधरा वर्षांची लेक उर्जा स्कीवर डोंगर चढते तेव्हा लोक थांबून बघतात. हे मी बाप म्हणून सांगत नाही. बरं, बाप म्हणूनही सांगतो! पण मी जर्मनीत, रेगेन्सबर्गला गाड्यांचे ब्रेक तपासतो, मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. जानेवारीतल्या त्या शनिवारी तिनं मला तासाभरात चारदा मागे टाकलं. सह्याद्रीतले पन्नास किल्ले पालथे घातलेल्या माणसाला!

आम्ही राखेलवर होतो. बायरिशर वाल्डच्या नॅशनल पार्कातला हा डोंगर. स्कीच्या तळाला फेल म्हणजे केसाळ पट्टी चिकटवली की चढावर स्की मागे घसरत नाही. वर पोचल्यावर पट्टी काढायची आणि सुटायचं. वाट आखलेली असते. उजवीकडे दोरी, आणि दोरीपलीकडे माणसांना सक्त बंदी, कारण हिवाळ्यात तिथं रानपक्षी दडून बसतात. कीड लागून वाळलेली झाडं तिथं उभीच्या उभी करडी पडलीत. त्यांनाही कुणी हात लावत नाही.

अकराच्या सुमारास आम्ही गूळपोळी खायला थांबलो. माझ्या डोक्यात संक्रांतीचा राग होता. माझ्या आईनं पुण्याहून फोन करून उर्जाला 'तिळगूळ घे गं' म्हटलं आणि ही 'डांके' म्हणून मोकळी झाली होती. सगळं मराठी समजतं हिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"एक वाक्य बोल मराठीत," मी म्हणालो.

"नाइन, पापा."

"मग ऐक. आता जर्मनमध्ये हाक मारलीस तर मी ओ देणार नाही."

तिचे डोळे भरून आले. मला दिसलं ते. पण मीही हट्टाला पेटलो होतो. ती एकटीच पुढे गेली.

थोड्या वेळात धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. मी तिच्या स्कीच्या ताज्या मागावर चालत होतो. एका वळणावर तो माग फुटला. एक जोडी सरळ वर गेलेली, दुसरी दोरीखालून आत. दोन्ही सारख्याच ताज्या. दुसरं कुणीतरी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळपासून आम्हाला कुणीही भेटलं नव्हतं.

"पापा! इश बिन हिअर!"

मी इथे आहे, असं जर्मनमध्ये. हाक उजवीकडून, दोरीपलीकडून आली. आवाज रडवेला होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. नाटकं नुसती, मला वाटलं. गरज पडली की बोलेल मराठीत.

"पापा, बिट्टे!" आता विनवणी.

मी ओ दिली नाही.

मग वरून, वाटेवरून, शांत आवाज आला. "बाबा, मी इथे आहे."

काय स्वच्छ मराठी ते! माझा ऊर भरून आला. रडलो मी, सांगायला लाज कसली? धापा टाकत वर गेलो. ती तिच्या निळ्या जॅकेटमध्ये उभी होती. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या निघत नव्हती.

"दोरीपलीकडून तूच ओरडत होतीस ना?"

"नाही बाबा. तिकडे कुणी नाही."

खालून पुन्हा 'पापा' ऐकू आलं. या वेळी बारीक.

"वारा आहे," ती म्हणाली. "चला, आई वाट बघत असेल."

एकही झाड हलत नव्हतं.

मी स्कीच्या पट्ट्या काढल्या.

आम्ही उतरलो.

घरी तिनं दारातच मैथिलीला मिठी मारली. "आई, भूक लागलीय गं," म्हणाली. माझी बायको हसली नाही. तेव्हापासून ती उर्जाच्या खोलीत जात नाही. मी मात्र हवेत होतो. पुण्याला आजी-नातीच्या अर्धा अर्धा तास गप्पा. पाडव्याला मराठी मंडळात अख्ख्या कार्यक्रमाचं निवेदन हिनं केलं. "कसं जमवलंत हो?" लोक विचारायचे. "थोडं कडक व्हावं लागतं," मी छाती काढून सांगायचो.

एप्रिलअखेर एका दुपारी पार्कच्या ऑफिसातून फोन आला. बर्फ वितळल्यावर दोरीपलीकडे दोन स्की सापडल्या होत्या. एकमेकींवर फुली करून जमिनीत रोवलेल्या. मदत हवी असली की स्की अशा रोवतात. त्यांच्यावर उर्जाचं नाव होतं आणि माझा नंबर. तुमच्याकडचं कुणी बेपत्ता आहे का, फोनवरच्या बाई विचारत होत्या.

उर्जाच्या स्की तर आमच्या तळघरात आहेत. मी रोज बघतो.

उर्जानं अलगद माझ्या हातातून फोन घेतला. जानेवारीनंतर माझ्यासमोर ती पहिल्यांदाच जर्मन बोलली. आमच्यातलं कुणीही हरवलेलं नाही, असं तिनं शांतपणे सांगून टाकलं.

रेगेन्सबर्गला जन्मलेली ही मुलगी. पण बोलली ती तिसाव्या वर्षी जर्मन शिकलेल्या माणसासारखी, माझ्या उच्चारांत, माझ्याच चुका करत.